वैमानिकाची चूक आणि न दिसणारी तार

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली आणि त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च २०२५ मधील राज्याच्या अर्थसंकल्पात, त्या बंदराच्या परिसरात मुंबईसाठी तिसरे विमानतळ उभारण्याचा मनोदय व्यक्त करण्यात आला. जमीन कोणाची जाणार आणि मच्छीमारांनी कोठे जावयाचे, हे प्रश्न तेथील जनतेने विचारले आहेत. ते विचारले जात राहिलेच पाहिजेत. परंतु विमानतळाला जशी जमीन लागते तसे आकाशही लागते आणि बोईसर-तारापूर पट्ट्याचे आकाश आता मोकळे राहिलेले नाही. १९६९ पासून वीज पुरविणारे तारापूरचे अणुवीज केंद्र, त्यातून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्या व त्यांचे मनोरे, औद्योगिक वसाहतीतील धुराडी, रेल्वेच्या विजेच्या तारा, बुलेट ट्रेनचे उंच खांब, या साऱ्यांनी ते व्यापले आहे. विकासाची ही प्रत्येक खूण खालून उडणाऱ्या लहान विमानाच्या दृष्टीने एक अडथळा असते.

असा अडथळा आणि वैमानिक समोरासमोर आले म्हणजे काय होते, याचा अनुभव घेण्यासाठी पालघरने आपल्या विमानतळाची वाट पाहण्याचे कारण नाही. वैमानिक घडविणाऱ्या लहान धावपट्ट्यांनी तो यापूर्वीच घेतला आहे. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाजवळच्या बिरसी येथून उडालेले शिकाऊ विमान वैनगंगेच्या पात्रावर आडव्या ताणलेल्या तारेला धडकून कोसळले. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी तरुणी, दोघेही गेले. जानेवारी २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील रेवा येथे रात्रीच्या धुक्यात एक शिकाऊ विमान देवळाच्या शिखराला धडकले आणि प्रशिक्षकाचा अंत झाला. त्याच वर्षी १८ मार्च रोजी बिरसीहूनच निघालेले आणखी एक विमान बालाघाटच्या डोंगरांत कोसळले. पुन्हा एक प्रशिक्षक, पुन्हा एक शिकणारी मुलगी.

अशा प्रत्येक घटनेनंतर दोन शब्द ठरलेले असतात: वैमानिकाची चूक. ते खोटे असतात असे नाही. मोकळ्या प्रदेशावरही पाचशे फुटांच्या खाली उतरू नये, हा उड्डाणाचा सर्वमान्य नियम आहे. नदीच्या पात्रावरील तारेला धडकणारे विमान त्या मर्यादेच्या खाली गेलेले असते, हे उघड आहे. परंतु येथे चौकशी संपत नाही. येथे ती सुरू व्हावयास हवी. डोळे शाबूत असलेला, प्रशिक्षित आणि जगू इच्छिणारा माणूस समोरच्या वस्तूवर जाऊन का आदळतो?

पहिले कारण असे की ती वस्तू त्याला दिसतच नाही. मैलभर अंतरावरून मनोरा दिसतो, दोन मनोऱ्यांमधील तार दिसत नाही. झाडी, माती आणि पाणी यांच्या पार्श्वभूमीवर ती विरून जाते आणि दिसली तरी किती दूर आहे हे डोळ्यांना ठरविता येत नाही. दुसरे कारण अधिक फसवे आहे. मानवी नजर हालचाल चटकन टिपते; पण ज्या वस्तूवर आपण नेमके आदळणार असतो ती दृष्टिक्षेत्रात सरकतच नाही. ती एका जागी खिळून राहते, सावकाश मोठी होत जाते आणि अखेरच्या क्षणी एकाएकी अंगावर येते.

तिसरे कारण काळाचे आहे. समोरचे विमान दिसणे, ते ओळखणे, टक्कर होणार हे उमगणे, काय करावयाचे ते ठरविणे, हातांनी ते करणे आणि विमानाने त्याला प्रतिसाद देणे, एवढ्याला अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने साडेबारा सेकंद धरले आहेत. ताशी १८५ किलोमीटर वेगाचे शिकाऊ विमान तेवढ्या वेळात सुमारे ६४० मीटर अंतर तोडते. तार मात्र अनेकदा दोन-तीनशे मीटरवर आल्यावरच दिसते. म्हणजे ती दिसली तेव्हा वेळ संपलेली असते. चौथे कारण हवेचे आहे. वैशाखातील तापलेली विरळ हवा इंजिनाचे बळ आणि पंखांची उचल दोन्ही कमी करते. सकाळी ज्या चढणीवरून विमान सहज निघून गेले, ती दुपारी त्याला पेलत नाही.

यांतील एकही कारण नवे नाही. तारांवर भगवे-पांढरे गोळे लावावेत, उंच मनोऱ्यांवर रात्री तांबडे दिवे असावेत, अडथळ्यांची नोंद नकाशावर असावी, हे उपाय जगभर रूढ आहेत. आपल्याकडेही बांधकामांच्या उंचीविषयीची २०१५ ची नियमावली आहे. पण तिचे लक्ष विमानतळांच्या परिसरावर आहे. विमानतळापासून दूर एखाद्या नदीवर तार ताणली गेली, तर ती वैमानिकाच्या नकाशावर आणावयाची कोणी? तार ताणणारे खाते आपल्या कामापुरते पाहते, विमानवाल्यांचे खाते आपल्या धावपट्टीपुरते; आणि या दोन खात्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत विशीतील मुलगी मरते.

याला अर्थकारणाचीही बाजू आहे. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि त्यासाठी कुटुंबाला काही दशलक्ष रुपये मोजावे लागतात. कोणी शेत विकतो, कोणी घर गहाण टाकतो. ज्याचा प्रत्येक तास कर्जाचा आहे, त्या विद्यार्थ्याने 'आज हवा बरी नाही, मी उडत नाही' असे म्हणावे ही अपेक्षा कितपत वास्तव आहे? तासांच्या हिशेबावर चालणाऱ्या संस्थेत प्रशिक्षकाला तरी ते कितपत म्हणता येईल? बारामतीला ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने कोसळली, तेव्हा महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबविले. ते योग्यच झाले. पण थांबविण्यासाठी दुसरे विमान कोसळावे लागले, हे विसरता येत नाही.

आणि किंमत मोजतो कोण, मदतीला धावतो कोण? १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या संस्थेचे विमान चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या डोंगरात कोसळले. प्रशिक्षक गेला, प्रशिक्षणार्थी तरुणी गंभीर जखमी झाली. तेथे रस्ता नव्हता. एका आदिवासी बाईने अंगावरचे लुगडे सोडून दिले, बांबूला त्याची झोळी बांधली गेली आणि पाड्यावरच्या माणसांनी चिखल तुडवीत त्या मुलीला खाली आणले. ज्यांनी विमानात कधी पाऊल ठेवले नाही, त्यांनीच देशाच्या विमान वाहतुकीची बचाव-यंत्रणा त्या दिवशी चालविली.

तारापूरच्या कामगाराला ही कहाणी अनोळखी वाटणार नाही. २०१८ मध्ये स्फोट, २०२० मध्ये स्फोट, ऑगस्ट २०२५ मध्ये वायूने चार कामगारांचा बळी; आणि दर वेळी पहिला प्रश्न, झडप कोणी उघडली? झडप उघडणारा हात शोधणे सोपे असते. तो हात त्या घटकेला तेथे कोणी, किती तासांच्या पाळीनंतर आणि कोणत्या साधनांसह ठेवला, हे शोधणे अवघड आणि गैरसोयीचे असते. मेलेला माणूस बाजू मांडू शकत नाही, म्हणून दोष त्याच्या नावावर लागतो. विमान अपघातांच्या तपासाबाबतची २०१७ ची नियमावली स्पष्ट सांगते की तपासाचा हेतू दोष ठरविणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे. हे तत्त्व विमानांना लागू पडते, तर कारखान्यांना का नाही? आणि विमानांच्या बाबतीत तरी ते कागदावरून धावपट्टीवर कधी उतरणार?

म्हणून पालघरच्या विमानतळाचा आराखडा होण्यापूर्वी काही गोष्टी शासनाने मान्य केल्या पाहिजेत. जिल्ह्यातील प्रत्येक वाहिनी, मनोरा व धुराडे यांची एकत्र नोंद करून ती जनतेसमोर ठेवावी. राज्यात जेथे जेथे प्रशिक्षणाची विमाने उडतात, तेथील नद्यांवरील व दऱ्यांवरील तारांना खुणा कराव्यात. त्याचा खर्च तार टाकणाऱ्याने सोसावा. उड्डाण नाकारणाऱ्या विद्यार्थ्याचे व प्रशिक्षकाचे नुकसान होणार नाही, असा नियम असावा. प्रत्येक अपघाताचा अहवाल मराठीत, ज्या गावात विमान पडले त्या गावाच्या ग्रामपंचायतीत लावला जावा.

गोळा लावलेली तार दिसते. न लावलेली तारही एकदा दिसतेच. पण तेव्हा ती पाहणारा ते सांगायला उरत नाही. त्याच्या वतीने सांगणे हे मागे राहिलेल्यांचे काम आहे.