अंतराळवीरांचा सूट आणि आपल्या घरातलं शिवणकाम

25 जून 2025 ला शुभांशु शुक्ला अंतराळात गेले, ते उड्डाण आपल्यापैकी अनेकांनी मोबाईलवर पाहिलं. त्यांच्या अंगातला सूट म्हणजे प्रेशर सूट. उड्डाण आणि परतीच्या वेळी यानातली हवा निघून गेली, तर आतल्या माणसाला जिवंत ठेवायचं एवढंच त्याचं काम. यानाबाहेर चालायचा जाडजूड सूट वेगळा.

या सूटची किंमत जगाला मोजावी लागली आहे. 30 जून 1971 ला रशियाचं सोयूझ-11 परतत होतं. एक झडप अवेळी उघडली, हवा गेली. यान पॅराशूटने व्यवस्थित उतरलं, पण आतले तिघेही मृत. सूट घातले तर तिघे मावत नव्हते, म्हणून ते दिलेच नव्हते! त्यानंतर ‘सोकोल’ सूट आला आणि काही वर्षं तिघांऐवजी दोघांनाच पाठवलं गेलं. 1984 मध्ये राकेश शर्मा सोकोल घालूनच गेले.

अमेरिकेनेही तेच केलं. जून 1985 मध्ये, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, सौदीचे शहजादे सुलतान बिन सलमान डिस्कव्हरी यानातून गेले. अंतराळात जाणारे ते पहिले मुसलमान. त्यांच्या अंगात साधा निळा पोशाख होता, प्रेशर सूट नाही. सात महिन्यांनी चॅलेंजर कोसळलं, मग नासाला नारंगी सूट सुचले. 2023 मध्ये सौदीच्याच रय्याना बरनावी गेल्या, त्या मात्र पूर्ण सूटमध्ये.

आता हा सूट बनतो कसा? आत हवाबंद रबरी थर, बाहेर नायलॉनचं मजबूत कापड, कारण हवा भरली की आतला थर फुग्यासारखा फुगतो आणि बाहेरच्याने त्याला आवरायचं असतं. माप एकेका माणसाचं घ्यावं लागतं. सोकोलमध्ये तर सूट घातल्यावर पुढचं जादा कापड गोळा करून रबर बँडने घट्ट बांधतात. ऐकायला गावठी वाटतं, पण त्यानेच हवा अडते. म्हणजे शेवटी मामला कापायचा आणि शिवायचा. अपोलोचे सूटही अमेरिकेत बायकांनीच मशीनवर शिवले होते.

आपल्या देशाने 2018 मध्ये बेंगळुरूच्या प्रदर्शनात स्वतः बनवलेला नारंगी सूट दाखवला होता. तरी गगनयानसाठी सोकोलवाल्या रशियन कंपनीला काम दिलं गेलं. पहिल्या उड्डाणासाठी ते बरोबरच, जिवाशी खेळ नको. पण पुढचे सूट इथेच शिवायचे, तर ते शिवणार कोण?

बीडमध्ये, माजलगावात, अंबाजोगाईत आपल्या कितीतरी घरांत मशीन आहे. मुलगी शिवण शिकते, ते ब्लाऊज आणि ड्रेसवर थांबतं. मुलगा-मुलगी हुशार निघाले की आपण फक्त डॉक्टर आणि कॉम्प्युटर म्हणतो. टेक्सटाईल हीसुद्धा इंजिनिअरिंगची शाखा आहे, हे घरात कुणी बोलतच नाही. ती शाखा नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंगजी संस्थेत आहे. बारावी सायन्सनंतर सीईटी द्यायची, आणि डिप्लोमा झाला असेल तर थेट दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरता येतो.