गिरणीकामगारांनी वीज का वाचवावी?

पनवेलजवळच्या कोनमध्ये भाडेतत्त्वावरच्या योजनेत बांधलेल्या इमारतींतली सुमारे 2,400 घरे गिरणीकामगारांसाठी ठरली. म्हाडाची सोडत 2016 साली निघाली, ताब्यासाठी मात्र पुढे अनेक वर्षे वाट पाहावी लागली. 160 चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून झालेले घर, तेही उतारवयात. अशा माणसांना वीज वाचवायला सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे, असा एक आक्षेप घेतला जातो.

त्यात तथ्य आहे. एक पंखा आणि दोन दिवे वापरणाऱ्याला काटकसरीचे धडे देणे अन्यायाचेच. पण ऊर्जाबचत म्हणजे पंखा बंद करून घामात बसणे, हे कोणी ठरवले? तेवढाच वारा कमी विजेत मिळवणे ही खरी बचत. छताचा साधा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला सुमारे 16 युनिट वाचतात. वापर वाढत जाईल तसा महावितरणचा युनिटचा दरही टप्प्याटप्प्याने चढतो, तेव्हा ही बचत तुटपुंज्या उत्पन्नाच्या घरालाच अधिक मोलाची.

दुसरा आक्षेप नेहमीचा: उधळपट्टी कारखाने आणि मॉल करतात, एका घराने काय होणार? देशात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी जवळपास चतुर्थांश घरगुती आहे. कोनच्या या 2,400 घरांत एकेक पंखा बदलला, तर ते सगळे एकाच वेळी चालू असताना 108 किलोवॅटची मागणी उतरते. कारखान्यांवर कठोर नियम हवेतच. पण ते येईपर्यंत घरांनी हात बांधून बसावे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

‘बिल मी भरतो, वीज माझी,’ हा तिसरा युक्तिवाद. बिल भरल्याने कोळशाचा धूर थांबत नाही. औष्णिक केंद्रात एका युनिटसाठी साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे वर सांगितलेल्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे दहा किलो. तो धूर चंद्रपूर आणि कोराडीच्या परिसरातले लोक श्वासात घेतात. त्यांनी कोणाचेही बिल थकवलेले नाही.

‘आता सौरऊर्जा आली, बचतीची गरज उरली नाही,’ हे मत सर्वांत नवे आणि सर्वांत फसवे. सूर्य मावळला की सौर वीज थांबते, आणि नेमके त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. हा भार कोळशावर आणि कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रांवर पडतो. म्हणून विजेला वेळेचेही मोल असते. 2025 पासून महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर सवलत देऊ केली, ती याच कारणाने.

कोनहून पुण्याच्या दिशेने निघाले की पुढे खोपोली लागते. तिथले टाटांचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले, ते प्रामुख्याने मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. त्याच गिरण्यांत ज्यांनी पाळ्या केल्या, त्यांना वीज आणि श्रम यांचे नाते वेगळे समजावण्याची गरज नाही.

गरज आहे ती परवडण्याजोग्या साधनांची, कारण बीएलडीसी पंखा साध्या पंख्यापेक्षा महाग पडतो. त्यावर उपाय देशाने करून पाहिलेला आहे. 2015 साली ‘उजाला’ योजना आली. घाऊक खरेदीमुळे, सुरुवातीला तीनशे रुपयांच्या घरात असलेला एलईडी बल्बचा खरेदीदर दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आला. पंख्यांसाठीही सरकारने तेवढ्याच धडाडीने खरेदी करावी, हप्ते बिलातून घ्यावेत. तोवर गृहनिर्माण संस्थांनी एकत्र मागणी नोंदवून दर पाडून घ्यावा, गच्चीवरच्या टाक्या शक्यतो दुपारी भराव्यात आणि जिन्यातल्या दिव्यांना सेन्सर बसवावेत. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि लिफ्ट यांचे वीजबिल शेवटी रहिवाशांच्याच देखभाल खर्चात येते. तो कमी करण्याचा ठराव पुढच्याच सर्वसाधारण सभेत मांडता येईल.