पुढचे इंजिन कोणाचे?

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये दोन विषय कधी संपत नाहीत. एक क्रिकेट आणि दुसरा मोटार. क्रिकेटचा निदान मोसम तरी असतो. मोटारीला तोही नाही. अमुक स्पोर्ट्स कारला पुढच्या वर्षी कोणते इंजिन बसणार? सिलिंडर चार राहणार की सहा होणार? टर्बो एक की दोन? चहाचा कप रिकामा होईपर्यंत अडीचशे अश्वशक्तीची मोटार चारशेवर जाऊन पोहोचते. त्या टेबलाशी बसून मीही पुष्कळ अश्वशक्ती उधळली आहे. तेव्हा हा लेख दुसऱ्यांना उपदेश करण्यासाठी लिहिलेला नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

पण या चर्चेत एक प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे. पुढचे इंजिन कोणते, यापेक्षा ते कोणाचे?

आपल्या देशातील स्पोर्ट्स कारचा लहानसा इतिहास पाहा. 1998 च्या सुमारास गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची मोटार तयार होऊ लागली. फायबरग्लासचे अंग, उघडे छत, दिसायला देखणी. इंजिन मात्र फ्रान्सच्या रेनॉचे आणि शक्ती सुमारे साठ अश्वशक्ती. पुढे 2012 साली दिल्लीच्या प्रदर्शनात दिलीप छाब्रियांची 'डीसी अवंती' आली. ती पुण्याजवळ तळेगावला बनत असे. इंजिन मधोमध, दोन लिटरचे, टर्बो असलेले, अडीचशे अश्वशक्तीचे. तेही रेनॉचेच. नंतर '310' आकड्याच्या आवृत्तीची घोषणा झाली आणि आमच्यासारख्यांच्या तर्कांना ऊत आला. आज यांतली एकही मोटार तयार होत नाही. इंजिन विकत घेतले म्हणूनच त्या बंद पडल्या, असे मी म्हणणार नाही. कारणे अनेक असतात. परंतु ज्याचे इंजिन दुसऱ्याचे, त्याने ते कितपत सुधारावे हे दुसराच ठरवितो. तर्क आपण तळेगावविषयी करीत होतो आणि निर्णय व्हायचा तो फ्रान्समध्ये!

तिसरे उदाहरण 'टाटा रेसमो'चे. मार्च 2017 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती दाखविण्यात आली. तिचे 1.2 लिटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन टाटांचे स्वतःचे होते. त्याच कुळीचे इंजिन 'नेक्सॉन'मध्ये त्या वर्षी 110 अश्वशक्ती देत होते. रेसमोत त्याच्याकडून 190 घेण्याचा बेत होता. आकारमान तेच, मग ऐंशी अश्वशक्ती वाढली कोठून? उत्तर सोपे आहे. टर्बोने हवा अधिक दाबून भरायची, म्हणजे इंधनही अधिक जाळता येते. पण दाब वाढला की उष्णता वाढते. पिस्टन, हेड गॅस्केट, बेअरिंग, सर्वांवरचा भार वाढतो. पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकू लागते. पुढचे इंजिन म्हणजे या एकेका भागाची कसोटी. ती कसोटी घेण्याचा अधिकार येथे आपल्या माणसांच्या हाती होता, म्हणून मला ही मोटार तिघींत मोलाची वाटते. दुर्दैवाने तो प्रकल्प गुंडाळण्यात आला.

आता आकड्यांच्या मोहाविषयी थोडे. वेगाने धावणाऱ्या मोटारीची बरीचशी शक्ती हवा बाजूला सारण्यात जाते आणि ही गरज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट हवा, तर हवेसाठी शक्ती आठपट पाहिजे. 250 वरून 310 अश्वशक्ती म्हणजे चोवीस टक्के वाढ. परंतु कमाल वेग वाढेल तो जेमतेम सात टक्के. ताशी 200 किलोमीटरची मोटार 215 गाठेल. मोटार झेप जलद घेईल, हे खरे. पण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. त्या सात टक्क्यांपायी ते पंधरा टक्क्यांनी लांबेल. कॅन्टीनमध्ये ब्रेकविषयी कोणी पैज लावल्याचे मला आठवत नाही.

हे केवळ गणित नव्हे. हुबळी-धारवाडचा बायपास आपल्या सर्वांच्या ओळखीचा. 15 जानेवारी 2021 रोजी पहाटे इटिगट्टीजवळ याच रस्त्यावर टेम्पो ट्रॅव्हलर आणि टिपर यांची टक्कर झाली. दावणगेऱ्याहून गोव्याला सहलीला निघालेल्या मैत्रिणी त्या गाडीत होत्या. दहाहून अधिक माणसे गेली. मधे दुभाजक नाही, समोरासमोरची वाहतूक, असा तो रस्ता होता. पुढे त्याच्या रुंदीकरणाचे काम हाती घेण्यात आले. त्या पहाटे कोणाला अश्वशक्ती कमी पडली नव्हती.

"मग काय, स्वप्नेच पाहू नयेत?" असे कोणी म्हणेल. अवश्य पाहावीत. पण स्वप्न पाहणाऱ्याने हात काळे करावेत, एवढेच माझे मागणे आहे. याचा धडा घ्यायला आपल्याला जिनिव्हाला जाण्याची जरुरी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी तो घेईनात. तरी ते डगमगले नाहीत. 1910 मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, 1941 मध्ये हरिहरला लेथचा कारखाना आणि 1946 मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांचा. त्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनाने किती विहिरींचे पाणी उपसले असेल! घर मराठी, माती कन्नड आणि काम दोन्हीकडचे. आपल्या या दुभाषी अंकाला याहून जवळचा पूर्वज कोणता?

राहिला भविष्याचा तर्क. माझा तर्क असा की पुढचे इंजिन हे इंजिनच नसेल. ती विजेची मोटर असेल. महिंद्रा समूहाच्या पिनिनफरिना कंपनीची 'बॅटिस्टा' 2019 मध्ये जगापुढे आली ती 1900 अश्वशक्ती घेऊन, आणि तीत पेट्रोलचा थेंब नाही. पण तिची बॅटरी आणि मोटर यांमागचे तंत्र क्रोएशियाच्या रिमाक कंपनीचे. म्हणजे मालकी आपली, हृदय पुन्हा परक्याचे. बॅटरीचे सेल, चुंबक, कंट्रोलर हे सारे आपण बाहेरूनच आणून जोडीत राहिलो, तर वीस वर्षांनी याच कॅन्टीनमध्ये हीच चर्चा होईल. फक्त आकडे मोठे असतील.

विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांत एक सुंदर नियम आहे. इंजिन 710 सीसीपर्यंत चालेल. पण पेट्रोल इंजिनाला सारी हवा 20 मिलिमीटरच्या भोकातून, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढ्या वाटेने, ओढावी लागते. मोठे इंजिन आणून जिंकण्याची सोयच नाही. वजन कमी करा, हवेचा मार्ग सुधारा, वळणावर मोटार स्थिर ठेवा. आपला देश आज अशाच अरुंद भोकातून श्वास घेतो आहे. त्याचे रडगाणे गाण्यापेक्षा नियम समजून कामाला लागणे बरे.

प्राध्यापकांना माझी एकच विनंती आहे. भंगारात निघालेले एखादे इंजिन आणि एखादी जळालेली मोटर वर्कशॉपच्या टेबलावर कायमची ठेवावी आणि कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला ती उघडू द्यावी. कॅन्टीनचे टेबल आहेच. हे दुसरे टेबलही असू द्या. मग पुढच्या वर्षी कोणते इंजिन येणार, याचा तर्क आपण थोड्या अधिक अधिकाराने करू.