बिडकीनने तळेगावकडे पाहावे

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बिडकीनच्या माळावर मोटारनिर्मितीचे मोठे कारखाने उभे राहणार, अशी शासनाची घोषणा आहे. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने महाराष्ट्र शासनाबरोबर सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. जेएसडब्ल्यू समूहाच्या विद्युत वाहन प्रकल्पालाही त्याच सुमारास मंजुरी मिळाली. मराठवाड्यातील तरुणाला पोटासाठी चाकण-भोसरीची वाट धरावी लागते आणि ऊसतोडीच्या हंगामात इथली गावे ओस पडतात. अशा प्रदेशात कारखान्याचे स्वागत न करील असा माणूस विरळा. स्वागत अवश्य व्हावे. मात्र येणाऱ्या भांडवलाशी काय ठरवून घ्यावे, हा प्रश्न स्वागताच्या कमानी उभारण्यापूर्वीच विचारावयाचा असतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथून जनरल मोटर्स ही अमेरिकन कंपनी कशी गेली, एवढे पाहिले तरी पुरे.

ही कंपनी साधीसुधी नव्हे. १९०८ साली विल्यम ड्युरंट याने मिशिगन राज्यातील फ्लिंट गावी तिची स्थापना केली. एकामागून एक मोटार कंपन्या विकत घेण्याच्या हव्यासापायी दोनच वर्षांत त्याच्या हातून कारभार सावकारांकडे गेला. पुढे शेव्हरोले कंपनी काढून त्याने १९१६ मध्ये तो परत मिळवला आणि १९२० मध्ये कायमचा गमावला. त्यानंतर आल्फ्रेड स्लोन याने कंपनीला शिस्त लावली. गरिबापासून धनिकापर्यंत प्रत्येकाच्या खिशाला परवडेल अशी वेगळी गाडी आणि दरवर्षी नवे रूप, हे त्याचे सूत्र होते. त्याच्या बळावर तिने फोर्डला मागे टाकले. १९३१ पासून २००७ पर्यंत, सलग ७७ वर्षे, जगात सर्वाधिक मोटारी विकणारी कंपनी हा मान तिच्याकडेच राहिला.

भारताशी तिचा संबंधही जुना आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या शिवडी भागात तिने मोटारी जुळविण्याचा कारखाना सुरू केला. सुटे भाग परदेशांतून यावेत आणि त्यांची जुळणी मुंबईच्या कामगाराने करावी, असा तो व्यवहार होता. ज्या देशात सुटा भागही घडत नाही तेथे मोटार-उद्योग आहे असे म्हणता येत नाही, हे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ओळखले होते. फोर्डशी त्यांची बोलणी फिसकटली. अखेर क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने त्यांनी कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना उभारला. स्वातंत्र्यानंतर शासनाने हेच सूत्र धोरण म्हणून स्वीकारले. जी कंपनी या देशात क्रमाक्रमाने संपूर्ण मोटार बनविण्याचा कार्यक्रम देईल तिलाच परवानगी, असे १९५३ मध्ये ठरले. जनरल मोटर्सने तसा कार्यक्रम देण्याऐवजी १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद करणे पसंत केले. त्या धोरणाच्या आडोशाने पुढे दोन-तीन देशी घराण्यांची मक्तेदारी फोफावली आणि ग्राहकाला वर्षानुवर्षे गाडीची वाट पाहावी लागली, हेही खरे आहे. परंतु परदेशी भांडवलाला अट घालण्याची शासनाची हिंमत त्या काळी होती, ही गोष्ट विसरता येणार नाही.

चाळीस वर्षांनी वारे फिरले. १९९४ मध्ये जनरल मोटर्स हिंदुस्थान मोटर्सची भागीदार म्हणून परतली. गुजरातेतील हालोल येथून ओपेल अॅस्ट्रा बाहेर पडू लागली. १९९९ मध्ये भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन कंपनी स्वतंत्र झाली. २००३ मध्ये शेव्हरोले हे नाव आले आणि सप्टेंबर २००८ मध्ये तळेगावचा कारखाना सुरू झाला. पण कंपनीला भारतीय ग्राहक अखेरपर्यंत उमगला नाही. आधी जर्मन ओपेल, मग कोरियातील दाएवूच्या गाड्यांना शेव्हरोलेचे नाव, मग चिनी भागीदाराची बनावट, असे प्रयोग होत राहिले. २०१३ मध्ये टवेरा गाडीच्या धूर-चाचणीतील लबाडी उघड झाल्याने १ लाख १४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जुलै २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी भारतात शंभर कोटी डॉलर गुंतविण्याची घोषणा केली. दोन वर्षेही पुरती उलटली नाहीत तोच, मे २०१७ मध्ये, भारतातील विक्री थांबविण्याचा निर्णय जाहीर झाला. तोपर्यंत बाजारातील तिचा वाटा एक टक्क्याच्याही खाली आला होता. हालोलचा कारखाना त्याच वर्षी एप्रिलमध्ये बंद पडला होता. तळेगावातून काही काळ मेक्सिकोसारख्या देशांकडे गाड्या जात राहिल्या आणि २४ डिसेंबर २०२० रोजी तेथील उत्पादनही थांबले.

गाड्या खपत नसतील तर कोणतीही कंपनी अनंतकाळ कारखाना चालवू शकणार नाही, हे समाजवाद्यांनाही मान्य आहे. वादाचा मुद्दा वेगळाच आहे. चूक न्यूयॉर्क-डेट्रॉईटच्या दालनांत झाली. तिची किंमत मावळातल्या घरांनी का मोजावी? कोणती गाडी काढावी, किती खर्चात काढावी, कोणत्या देशातून निघून जावे, यांतील एकाही निर्णयात तळेगावच्या कामगाराला विचारले गेले नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, चौदाशेहून अधिक कामगारांच्या हाती ले-ऑफची नोटीस पडली. कायद्याहून अधिक भरपाई देऊ केली आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. कामगारांचे म्हणणे असे की, कारखाना विकला जाणारच आहे, मग नव्या मालकाने आम्हालाही कामावर घ्यावे. दहा-बारा वर्षे साच्यावर राबलेल्या, घराचे हप्ते डोक्यावर असलेल्या पस्तिशीतल्या माणसाची ही मागणी अवाजवी म्हणता येईल काय?

कारखाना विकला गेला. प्रथम ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी जानेवारी २०२० मध्ये करार झाला. सीमेवरील तणावानंतर केंद्राची संमती मिळाली नाही आणि २०२२ मध्ये तो मोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला. त्या व्यवहाराचा विषय जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री हा होता. माणसे त्यात नव्हती. त्या वर्षी कामगारांनी बायकामुलांसह उपोषण केले. २०२५ मध्ये त्याच आवारातून ह्युंदाईच्या गाड्या निघू लागल्या. कंपनी गेली, दुसरी आली, शासनाच्या आकडेवारीत गुंतवणूक वाढली. ज्यांच्या हातांनी ते आवार नावारूपाला आले ती माणसे तेवढी हिशेबातून गळली.

येथे शासनाचे हात बांधलेले होते, हा बचाव टिकणारा नाही. औद्योगिक विकास महामंडळाची जमीन कारखानदाराच्या मालकीची नसते; ती ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते आणि तिचे हस्तांतर महामंडळाच्या संमतीवाचून होत नाही. सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली करांचा परतावा, मुद्रांक शुल्कात सूट, वीज शुल्कात माफी या सवलती जनतेच्या तिजोरीतून दिल्या जातात. जमीन जनतेची आणि सवलत जनतेची असताना, हस्तांतराच्या कागदावर सही करतेवेळी जुन्या कामगारांना सामावून घेण्याची अट घालणे अशक्य नव्हते. ती अट मूळ करारातच असती तर मागण्याचीही वेळ आली नसती.

याच कंपनीची मायदेशातील कहाणी ताडून पाहावी. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. खासगी भांडवलाचा जयघोष करणाऱ्या त्या देशाच्या सरकारने सुमारे ५,००० कोटी डॉलर ओतून तिला वाचविले आणि साठ टक्क्यांहून अधिक मालकी काही काळ स्वतःकडे घेतली. २०१३ च्या डिसेंबरात शेवटचे भाग विकले तेव्हा सरकारी तिजोरीला एक हजार कोटी डॉलरहून अधिक तोटा सोसावा लागला. मात्र त्या पुनर्रचनेत निवृत्त कामगारांच्या आरोग्य निधीला नव्या कंपनीचे १७.५ टक्के भाग मिळाले. कामगारांनाही झळ बसली. कारखाने बंद झाले, नव्या भरतीला कमी वेतन मान्य करावे लागले. पण वाटाघाटीच्या मेजावर त्यांची खुर्ची होती.

ती खुर्ची कोणी दान दिलेली नव्हती. १९३६ च्या ३० डिसेंबरला फ्लिंटचे कामगार यंत्रे थांबवून कारखान्यातच ठाण मांडून बसले. कडाक्याच्या थंडीत ४४ दिवस त्यांनी कारखाना सोडला नाही. राज्यपाल फ्रँक मर्फी यांनी फौज बोलावली, परंतु तिच्या बळावर कामगारांना बाहेर काढण्यास नकार दिला. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी बलाढ्य कंपनीने युनियनला मान्यता दिली. त्या परंपरेचा धागा अजून तुटलेला नाही. २०२३ च्या शरदात, तळेगावचे कामगार उपोषणाला बसले होते त्याच सुमारास, अमेरिकेतील मोटार कामगारांनी तिन्ही बड्या कंपन्यांत संप केला. त्यातून फोर्डशी झालेल्या करारात, कारखाना बंद करण्याच्या प्रश्नावरही संप करण्याचा हक्क त्यांनी लिहून घेतला.

तरीही फ्लिंटची कथा विजयाची कथा म्हणून संपत नाही. १९७८ च्या सुमारास त्या एका शहरात कंपनीचे सुमारे ८०,००० कामगार होते. कारखाने हलत गेले तसे शहर रिते झाले. १९६० मध्ये सुमारे १ लाख ९७ हजार असलेली लोकसंख्या २०२० मध्ये ८१ हजारांवर आली. २०१४ मध्ये काटकसरीपायी तेथे नदीचे पाणी पुरविण्यात आले आणि नळांतून शिसे वाहू लागले. त्या पाण्याने यंत्रांचे भाग गंजतात म्हणून कंपनीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या कारखान्यापुरते दुसरे पाणी घेतले. माणसे मात्र आणखी वर्षभर तेच पाणी पीत राहिली. एकाच धन्यावर विसंबलेल्या शहराची गत काय होते, हे यावरून कळावे.

छत्रपती संभाजीनगरला या इशाऱ्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या मागणीवर शेकडो लहान कारखानदार उभे राहिले. २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्यांची जुळणी होऊ लागली. या शहराला गाड्या घडविण्याची विद्या अवगत आहे. आणि याच शहराने चितेगावचे व्हिडिओकॉनही पाहिले आहे. एके काळी घरोघरी पोहोचलेल्या त्या नावाची कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बिडकीनच्या नव्या प्रकल्पांकडे जाणारा रस्ता चितेगावातूनच जातो.

अटी घातल्या तर भांडवल शेजारच्या राज्यात जाईल, अशी भीती नेहमी दाखविली जाते. पण सवलतींसाठी वाखाणलेल्या गुजरातेतील हालोलही तळेगावाच्या आधी बंद पडले. सवलतीने येणारे भांडवल केवळ सवलतीने टिकत नाही, हा त्याचा अर्थ. बिडकीनला सलग जमीन आहे, जायकवाडीचे पाणी आहे, वाळूज-चिकलठाण्याच्या कारागिरीचा वारसा आहे. ज्याच्या पदरी एवढे आहे त्याने याचकासारखे उभे राहू नये. टोयोटाच्या किंवा अन्य कोणाच्या हेतूविषयी शंका घेण्याचेही कारण नाही. तळेगावच्या उद्घाटनाच्या दिवशी जनरल मोटर्सचा हेतूही निघून जाण्याचा नव्हता. अट हेतूसाठी नसते. दिवस पालटल्यावर उपयोगी पडावी म्हणून असते.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. शासन व कंपनी यांतील करार आणि दिलेल्या सवलतींचा हिशेब मराठीतून प्रसिद्ध करून बिडकीन परिसरातील ग्रामसभांपुढे ठेवावा. सवलतींचा परतावा कायम कामगारांच्या संख्येशी आणि वर्षांशी बांधावा. ठरलेल्या मुदतीआधी कारखाना बंद झाल्यास तो व्याजासह वसूल व्हावा आणि त्यातून प्रथम कामगारांची देणी भागवावीत. कारखाना विकला गेल्यास सेवेच्या सलगतेसह कामगारही नव्या मालकाकडे जावेत, ही अट जमिनीच्या भाडेपट्ट्यातच लिहावी. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांना प्रशिक्षणानंतर कायम नोकरी मिळावी. कंत्राटदाराच्या वहीत त्यांची नावे जाऊ नयेत. सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांना पुरेशी आगाऊ सूचना देण्याचे बंधन असावे.

हे काम आज अधिक निकडीचे आहे. कारखाना बंद करण्यापूर्वी शासनाची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यालाही होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा ३०० वर नेली आहे. मोठा कारखाना अजूनही त्या बंधनात आहे. त्याच्या आधारावर जगणारे बहुसंख्य लहान कारखाने त्यातून सुटले आहेत. कायद्याचे कवच जेथे विरळ होते तेथे कराराचे आणि संघटनेचे कवच दाट करावे लागते.

बिडकीनच्या कारखान्यांतील बहुतेक कामगार अजून भरती व्हायचे आहेत. त्यांच्यापैकी कित्येक आज पैठण, गंगापूर, फुलंब्रीच्या शाळांत आणि आयटीआयमध्ये शिकत आहेत. त्यांच्या वतीने आज बोलणारे कोणी नाही, आणि करार मात्र आजच लिहिले जात आहेत. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभांत, कामगार वस्त्यांत आणि लहान उद्योजकांच्या बैठकांत हा प्रश्न आताच नेला पाहिजे. तळेगावचा कामगार न्याय मागायला उभा राहिला तेव्हा करारावरची शाई वाळून पंधरा वर्षे झाली होती. बिडकीनची शाई अजून ओली आहे.