परसदारी : आणखी एक वर्ष

मंडळी, दुसऱ्याच्या बांधावर उभे राहून सल्ला देणे सोपे असते. आज माझ्याच परसातली गोष्ट सांगतो.

आमच्या न्हाणीमागे अंजिराचे झाड आहे. पुरंदरकडून आणलेले चांगले कलम. अंजीर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धरू लागते. आमच्या झाडाला गेल्या जूनमध्ये ५ वर्षे झाली. पाने पंजाएवढी, पण फळाचे नाव नाही. शेवटी घरातून निकाल आला, "अहो, साऱ्या तालुक्याला सल्ला देता आणि घरचं झाड रिकामं! काढा ते, शेवगा तरी लावू." मी कुऱ्हाडीला धार लावून आणली.

दुसरे दिवशी रविवार. उपासनेत पाळकसाहेबांनी लूकच्या शुभवर्तमानातल्या १३व्या अध्यायातला दाखला घेतला. द्राक्षमळ्यातल्या अंजिराला ३ वर्षे फळ नाही, म्हणून मालक ते तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो.

हा दाखला मी लहानपणापासून ऐकत आलो. त्या दिवशी तो शेतीखात्याच्या माणसाच्या कानांनी ऐकला. मालकाचे काही चुकले नव्हते. अंजिराला ३ वर्षे पुरेशी असतात. पण माळ्यानेही नुसती दया मागितली नाही. भोवती खणण्याचे आणि खत घालण्याचे काम त्याने स्वतःच्या अंगावर घेतले, वर मुदतही घातली.

सायंकाळी झाडाखाली जाऊन पाहिले. चूक माझीच होती. न्हाणीचे पाणी मीच तिकडे सोडले होते. बारा महिने बूड ओले, झाडाला ताण नाही. मग नुसता पाला वाढणारच. पाणी दुसरीकडे वळवले. खोडापासून दूर, फांद्यांचा घेर संपतो तिथे वीतभर खोल चर खणला, कारण अन्न घेणारी बारीक मुळे तिकडे असतात. त्यात ५ घमेली मुरलेले शेणखत घातले. (कच्चे घालू नका, हुमणी लागते.) पाऊस ओसरल्यावर झाड ताणावर ठेवले आणि ऑक्टोबरात शेंडे छाटून पाणी सुरू केले.

चर खणताना मात्र मनात धाकटा भाऊ येत होता. तो दारूच्या नादी लागलेला. तीनदा शपथ मोडली, तेव्हा मी त्याला दार बंद केले होते. न्याय माझ्याच बाजूचा होता. पण त्याच्यासाठी मी कुदळ कधी उचलली होती? मागेल तेव्हा पैसे दिले, तेही न्हाणीचे पाणीच! वर उपदेश केला. त्याच्याजवळ बसलो मात्र कधीच नाही.

त्याच आठवड्यात त्याच्याकडे गेलो. आता त्याच्या हाती पैसे देत नाही. दर सोमवारी त्याला घेऊन दवाखान्यात जातो.

यंदा मार्चमध्ये अंजिराला २१ फळे आली. पहिले फळ भावाच्या हाताने तोडवले. त्याचे स्वतःचे अजून सांगवत नाही. दोन महिने बरा असतो, मग पाय घसरतो. दाखल्यातल्या झाडाला पुढे फळ आले का, हेही प्रभू येशूने सांगितलेले नाही. गोष्ट माळ्याच्या बोलण्यावरच थांबते. पुढचे वर्ष माळ्याचे.

तुमच्या परसातही असे एखादे झाड असेल. कुऱ्हाड काढण्याआधी त्याच्या बुडाशी पाणी कुठून येते, तेवढे पाहा.