शिनाणे, दोर आणि दोराखालचा चिखल

गेल्या वीकेंडला आंबोलीत होतो. पाऊस असा की घाटातला धबधबा कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळेना. ऑफिसची मंडळी कणसं खाण्यात गुंग, आणि मी फोनवर मालवणच्या मामेभावाशी वाद घालतोय. विषय काय, तर शिनाणे! (हिरव्या पाठीचे शिंपले हो.)

त्याच्या गटाला खाडीत तराफा टाकून दोरांवर शिनाणे वाढवायचेत. सिंधुदुर्गात हे नवीन नाही. यूएनडीपीच्या प्रकल्पात इथल्या बचत गटांनी हे करून पाहिलंय, आणि राज्याच्या 2017 च्या कांदळवन उपजीविका योजनेतही ते बसतं. भाऊ म्हणाला, "शिनाण्यांका खाणा घालूचा लागणा नाय, उलट पाणी साफ करतत. मगे नुकसान कसला?"

अर्धं बरोबर आहे. शिनाणे पाणी गाळून त्यातलं प्लवक खातात. कोळंबीच्या तळ्यासारखं बाहेरून खाद्य नाही, औषध नाही. पण गाळलेलं जातं कुठे? विष्ठा आणि नको असलेले कण चिकट गोळ्यांसारखे खाली पडतात. पाणी वाहतं असेल तर पांगतात. संथ खाडीत मात्र दोरांखाली साचतात, कुजतात, चिखलातला ऑक्सिजन संपवतात, आणि तळातल्या जिवांपैकी मोजके चिवट प्रकारच उरतात. स्पेनच्या गॅलिसियात असे 3000 हून जास्त तराफे आहेत, तिथल्या तळाच्या चिखलात हे दिसलंय. आपल्याकडे त्याच चिखलातून बायका ओहोटीला तिसऱ्या आणि मुळे काढतात. त्यांना कोणी विचारलंय का, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तरादाखल भाऊ नुसता खोकला.

मग खुल्या समुद्रात न्यावं का? आंबोलीसारख्या घाटमाथ्यावरचा पाऊस खाली उतरला की खाडीचं पाणी गोडं होतं आणि शिनाणे मरतात, म्हणून खाडीतला माल जूनच्या आत काढावाच लागतो. बाहेर तो त्रास कमी, प्रवाहही जोरात. इंग्लंडच्या लाइम बे मध्ये किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत अशी दोरांची शेती आहे. प्लिमथ विद्यापीठाचे लोक 2013 पासून तिथला तळ तपासताहेत. जाळी ओढून खरवडलेल्या त्या तळावर गळालेल्या शिंपल्यांचा थर बसला, खेकडे आणि शेवंडं वाढली. पण माझ्या मते यातलं निम्मं श्रेय शिंपल्यांचं नाहीच. दोर आले की तिथे ट्रॉलर जाळं ओढू शकत नाही, तळाला विश्रांती मिळते!

ट्रॉलर आणि पर्ससीनशी वर्षानुवर्षं भांडणाऱ्या मालवणला हे ऐकून मोह होणारच. फक्त दोरांना ट्रॉलर आणि छोट्या होडीचं जाळं यातला फरक कळत नाही, दोघांनाही जागा बंद. शिवाय आपल्या पावसाळी लाटांत नांगर टिकवायचे म्हणजे खर्च वेगळाच.

असो. मी शेतीच्या विरोधात नाही. पण आमच्याकडे बेसलाईन न घेता "परफॉर्मन्स सुधारला" म्हणणाऱ्याला मीटिंगमध्ये हसतात. इथेही तराफा टाकायच्या आधी त्या जागेचा चिखल तपासा. थोडं दूर, जिथे तराफा नसेल, तिथलाही तपासा. काय काय जिवंत सापडतं ते मोजा, आणि दरवर्षी पुन्हा मोजा. सुरुवात दोनचार तराफ्यांनीच करा.

भाऊ म्हणाला, "आणि तो चिखल काढतलो कोण? तू?"

पाऊस सरला की जातोय. डबे तो आणणार आहे.