विश्लेषण : संशयित खाकीतला असेल तर खुनाचा तपास का रखडतो?

दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावात घरचे माणूस परतले नाही, की नातेवाईक पोलीस ठाणे गाठतात. तिथे होते ती बहुधा ‘मिसिंग’ची नोंद. ही नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. त्यावर चौकशी होते, तपास नाही. हा फरक किती महाग पडतो, हे अश्विनी बिद्रे प्रकरणाने दाखवले.

काय घडले होते?

नवी मुंबई पोलीस दलातील सहायक निरीक्षक अश्विनी बिद्रे ११ एप्रिल २०१६ रोजी बेपत्ता झाल्या. कुटुंबीयांचा संशय वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकर याच्यावर होता. तरी अपहरणाचा गुन्हा दाखल व्हायला २०१७ उजाडले. त्याच वर्षी प्रजासत्ताक दिनी कुरुंदकरला राष्ट्रपती पदक जाहीर झाले. अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये. पनवेल सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये त्याला जन्मठेप आणि दोन साथीदारांना प्रत्येकी सात वर्षांची शिक्षा सुनावली. मृतदेहाचे तुकडे वसईच्या खाडीत टाकल्याचे तपासात पुढे आले; ते कधीच सापडले नाहीत.

बेपत्ता झालेली व्यक्ती स्वतः पोलीस अधिकारी होती. तिच्या घरच्यांना न्यायासाठी नऊ वर्षे झगडावे लागले, तर शेतमजुराच्या घरच्यांचे काय?

उशिराने नेमके काय बिघडते?

भ्रष्टाचार म्हटले की टेबलाखालचे पाकीट आठवते. खुनाच्या तपासात मात्र काहीच न करणे पुरेसे ठरते. सीसीटीव्हीचे चित्रण आपोआप पुसले जाते, रक्ताचे डाग धुतले जातात, साक्षीदार गाव सोडतो किंवा घाबरून गप्प बसतो. मग कागदावर सगळे रीतसर दिसते आणि ‘अ’ समरी मागितली जाते, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. कुणी मुद्दाम वेळ काढला, हे त्या अहवालात कुठेच येत नाही.

दाद कुठे मागायची?

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्यास सांगितले. महाराष्ट्राच्या कायद्यात ती राज्य आणि विभाग पातळीवर आहेत. पण त्यांचा अहवाल जातो सरकारकडे आणि अपवाद म्हणून कारणे नोंदवून सरकार तो फेटाळू शकते. पोलिसांवरच्या तक्रारीचा शेवटचा शब्द गृहखात्याकडेच राहतो, ही या व्यवस्थेतली खरी खोट.

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) नुसार पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवता येते. तिथेही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तपासाची प्रगती ९० दिवसांत तक्रारदाराला कळवणे आता बंधनकारक आहे. मात्र हे ९० दिवस गुन्ह्याच्या तपासाला लागू होतात, ‘मिसिंग’च्या नोंदीला नाहीत. त्यामुळे घातपाताचा संशय असेल, तर तो संशयिताच्या नावासह पहिल्याच अर्जात लिहावा आणि अर्जाची शिक्क्याची पोच घेऊनच ठाण्यातून निघावे.